गूळतुला

"दीदी, आप ज़रा बीच में हो जाओ. गाड़ी एक साइड दब रही है," बॅटरी रिक्षावाला आरशातून म्हणाला आणि अवंतिका मधे सरकली. समोर बसलेल्या कॉलेजातल्या दोन मुली कोणी न सांगता उठल्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या. रिक्षा सरळ झाली. रिक्षावाल्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. पोतं कुठे ठेवायचं हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात त्याने सांगितलं होतं, आणि त्या सुराला रागावता येत नाही, हे अवंतिकाला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होतं. महाराज बाड्याच्या चौकापासून कंपू मोहल्ल्यापर्यंतचा रस्ता नेहमीचाच, नेहमीसारखाच खणलेला. एका मुलीच्या मोबाइलवर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ चालू होता. दुसरी खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे जिथे खिडकी असायला हवी होती तिथे. बुजवलेल्या खड्ड्यावरून चाक गेलं, रिक्षा उचलली गेली आणि खाली आपटली, आणि त्याबरोबर अवंतिकाचं पोट आवळून आलं. दुखलं नाही. नुसतं दगडासारखं घट्ट झालं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग सैल पडलं. तिने पोटावर हात ठेवला नाही. हात ठेवला असता तर बाजूच्या मुलीने विचारलं असतं, आणि मग सातवा महिना, हो, दुसरं, नाही, पहिलं नाही, म्हणजे पहिलंच, असं सगळं सांगत बसावं लागलं असतं. आणि विचारलं नसतं तर त्या मुलीला ती नुसतीच जाडी बाई वाटली आहे असं ठरलं असतं. सातव्या महिन्यातही तिच्या पोटाकडे बघून लोकांना चटकन काही समजत नसे. आधीपासून एवढं मोठं पोट असलं की त्यात कोणी राहायला आलं तरी बाहेरून पत्ता लागत नाही.

ती रेडिओवर निवेदिका होती. दुपारच्या फर्माइशी कार्यक्रमात तिचा आवाज भिंड-मुरैन्यापर्यंत जायचा, आणि तो आवाज बारीक होता, गोड होता, त्यात किंचित खोकल्यासारखी एक जागा होती जी लोकांना आवडायची. श्रोत्यांचे व्हॉट्सअॅपवर निरोप येत. एका मास्तरांनी लिहिलं होतं की बहनजी, आप कुछ खाया-पिया कीजिए, आवाज़ बड़ी दुबली लगती है. स्टुडिओत सगळ्यांनी तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला आणि अवंतिकाही हसली. खरं म्हणजे तिला तो आवडला होता. काचेआडच्या त्या खोलीत, कानावर हेडफोन चढवला की, तिला शरीर नसे. लाल दिवा लागला की ती आवाज होई आणि विझला की पुन्हा खुर्चीत भरून बसे. या सवयीने तिला एक खोड लागली होती. काही घडत असलं की ते ती मनातल्या मनात निवेदन करून सांगे, आणि सांगितलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी होऊन जाई. आत्ताही कंपूच्या चढावर तिने सांगून टाकलं: श्रोतेहो, बाईंचं पोट आवळलं होतं, आता ठीक आहे. मग दवाखाना आला.

डॉक्टर शिखांच्या दवाखान्यात वजनाचा काटा बाहेर, बायका बसतात त्याच हॉलमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी होता. आणि आकडा लिहिणारी मुलगी बसायची पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. त्यामुळे काट्यावरच्या सिस्टरला प्रत्येकीचं वजन ओरडून सांगावं लागे. हॉलमधल्या सगळ्या बायका, त्यांच्या सासवा, दारात चपला सांभाळत उभे असलेले नवरे, सगळे तो आकडा ऐकत. पन्नास, त्रेपन्न, सत्तेचाळीस, असे आकडे चालले असताना अवंतिकाचा आकडा आला की हॉलमध्ये क्षणभर कूलरचा आवाज मोठा वाटे. कुणी वळून बघत नसे. न बघण्याचा प्रयत्न मात्र सगळेच करत आणि तो दिसत असे. लहानपणी शाळेत दरवर्षी वजन करत तेव्हाही असंच. तेव्हा इंदूरच्या शाळेतले पीटीचे सर आकडा पुन्हा विचारायचे, पहिल्यांदा ऐकू आला असला तरी. पण आज सिस्टर आकडा सांगून थांबली नाही. "अरे वाह," ती तिथूनच म्हणाली, "मॅडम का तो कम हो गया!" आणि एक म्हातारी मान डोलवत हसली, कुणीतरी म्हणालं, बढ़िया. अवंतिकाला आनंद झाला. तो खराखुरा आनंद होता, छातीत गरम वाटण्यासारखा, आणि काट्यावरून उतरून चपला पायात सरकवेपर्यंत तो टिकला. मग तिला त्याची लाज वाटली, कारण ज्या काट्यावर तिचं एकटीचं वजन होत नव्हतं त्यावर ते कमी झालं होतं.

डॉक्टर शिखांनी कागदावरचा आकडा बघितला आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्या तोडून न बोलणाऱ्या बाई होत्या. पहिल्या भेटीतच त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं होतं. वजन जास्त असलं की बीपी चढण्याचं, साखर वाढण्याचं भय असतं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याची शक्यता वाढते, आणि अवंतिकाचं एकदा तसं झालेलं आहे म्हणून जास्त सांभाळायचं. वजन फार वाढू द्यायचं नाही. पण उपाशीही राहायचं नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. अवंतिकाने दोन्ही ऐकलं होतं. पहिलं तिला आतापर्यंत आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलेलं होतं, म्हणून ते खरं वाटलं. दुसरं कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते नुसतं सभ्यपणाने म्हटल्यासारखं वाटलं. "खाना ठीक से खा रही हो ना?" डॉक्टरांनी विचारलं. "जी." "सच में? मुझे ये वज़न घटना अच्छा नहीं लग रहा, अवंतिका. अगले हफ़्ते सोनोग्राफी करेंगे. पेट कड़ा तो नहीं होता बीच में?" आता सांगायला हवं होतं. रिक्षातलं आवळणं अजून तिच्या अंगात ताजं होतं. पण सांगितलं की ते कागदावर येईल, कागदावर आलं की अभिरामच्या चेहऱ्यावर येईल, आणि मग घरभर पसरेल. "नहीं," ती म्हणाली. रेडिओवरच्या आवाजात म्हणाली. त्या आवाजावर सगळ्यांचा विश्वास बसतो.

पहिल्या वेळी सहावा महिना चालू होता. उन्हाळा होता, लाइट गेले होते, आणि सगळं इतकं भराभर झालं की तिला दुःख व्हायलाही नंतर वेगळा वेळ काढावा लागला. मुलगा होता. एक रात्र जगला. सकाळी अभिराम खाटेशी येऊन बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. तिने विचारलं होतं, त्याचं वजन किती होतं? तिला नाकडोळे कोणासारखे ते विचारायचं नव्हतं, कुठे नेला तेही विचारायचं नव्हतं. तिला फक्त तेवढंच हवं होतं, कारण त्या मुलाबद्दल दुसरं काही माहीत असण्यासारखं नव्हतंच. अभिराम म्हणाला, "काय करायचंय आता ते." माणूस मायाळू होता. त्याला वाटलं, आकडा सांगितला तर तिला जास्त लागेल. पुढे तिने परत विचारलं नाही आणि त्याने परत सांगितलं नाही. पण नंतर किती तरी दिवस भाजीवाल्याकडे, किराणावाल्याकडे, काट्यावर काही ठेवलेलं दिसलं की ती बघत राही. एवढं असेल का? की याहून कमी? एकदा तिने पेरूंची पिशवी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली, आणि दुकानदार म्हणाला, क्या हुआ मैडम, कम लग रहा है? आपल्याच अंगाने त्याला बाहेर लोटलं, जागा एवढी मोठी आणि त्याला पुरली नाही, असं काहीतरी तिच्या मनात बसलं होतं. तिने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्यामुळे ते खोडून काढणारंही कुणी भेटलं नव्हतं.

म्हणून या खेपेला तिने जेवण सोडलं. सोडलं म्हणजे चोरून सोडलं, कारण घरात आईसाहेब होत्या. अवंतिकाच्या सासूबाई, राजलक्ष्मी, यांना सगळं घर आईसाहेब म्हणे आणि दूधवालाही आईसाहेबच म्हणे. त्या स्वतः काडीसारख्या बारीक होत्या आणि दुसऱ्याला खायला घालण्यात त्यांचा सगळा जीव होता. अवंतिकाला बघायला त्या इंदूरला गेल्या तेव्हा मुलीचा आडवा बांधा पाहून नाक मुरडणाऱ्या जावेला त्यांनी तिथल्या तिथे गप्प केलं होतं. आमच्या घरात अशीच भरली सून पाहिजे, असं म्हणाल्या होत्या. आयुष्यात एकाच माणसाने अवंतिकाचं वजन गुण म्हणून मोजलं होतं, आणि आता त्याच माणसाला ती फसवत होती. सकाळी डिंकाचा लाडू, अकरा वाजता तूप सोडलेला शिरा, ऑफिसच्या डब्यात पुन्हा दोन लाडू. "संपवायचं हं, सूनबाई. डॉक्टरचं काय, डॉक्टर तर कहते ही रहते हैं." अवंतिका लाडू डब्यात घेई आणि रेडिओ केंद्राच्या फाटकाबाहेर एक तांबडी गाय उभी असे तिला घाली. दुपारी ती काकडी आणि ताक घेई, रात्री पोटात कालवतंय म्हणून उठून जाई. दोन महिन्यांत गाय तिला लांबून ओळखायला लागली. गाईने चांगलं बाळसं धरलं होतं. अवंतिकाला कधीकधी उभ्याउभ्या डोळ्यांपुढे अंधारी येई, पण ती भूक चांगली वाटे, काहीतरी करत असल्यासारखी. आत बाळ लाथा मारी तेव्हा ती मनात त्याला सांगे, थांब, मी तुला जागा करून देते आहे.

आणि मग तुला आली. त्या घराण्यात एक चाल होती, ती दख्खनहून फौजेबरोबर आलेल्या कुणा पूर्वजापासूनची, असं सांगत. सातव्या महिन्यात सुनेची गुळाने तुला करायची. इतरांकडे नवस फेडायला बाळाला तोलतात, यांच्याकडे बाळ पोटात असतानाच, म्हणजे एका पारड्यात दोघं आणि दुसऱ्यात गूळ. तो गूळ मग आळीत वाटायचा. गुळाच्या किती भेल्या, म्हणजे ढेपी, लागल्या ते पुढे वर्षानुवर्षं सांगितलं जाई. कुणाच्या तुलेला गूळ कमी लागला, तेही सांगितलं जाई. मागच्या खेपेला सातवा महिना आलाच नाही, म्हणून या वेळी आईसाहेबांनी देवापुढे नारळ ठेवून बोलल्याप्रमाणे सगळं साग्रसंगीत मांडलं होतं. टोपी बाजारात संभाजीराव म्हणून त्यांच्या घरोब्यातले व्यापारी होते. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घराण्यातली प्रत्येक सून त्यांच्याच गोदामात तोलली गेली होती. गुळाचा धंदा बंद होऊन आता तिथे प्लास्टिकचे डबे आणि पिशव्यांचे गठ्ठे भरलेले असत, पण तुळईला टांगलेला मोठा काटा त्यांनी हलवला नव्हता. रविवारी सकाळी डबे एका बाजूला सारून जमीन सारवली होती, साखळ्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, आणि जवळच्या डबरा गावाहून मागवलेल्या गुळाच्या भेल्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. आईसाहेबांनी त्या आपल्या अंदाजाने मागवल्या होत्या आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे.

हिरवी साडी नेसून अवंतिका लाकडी पारड्यात मांडी घालून बसली. अभिराम बाजूला नव्या कुर्त्यात उभा होता आणि मोबाइलमध्ये फोटो काढत होता. सवाष्णी एकेक भेली दुसऱ्या पारड्यात ठेवायला लागल्या. गुळाचा वास फार दाट होता. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. दवाखान्यातला हॉल आणि हे गोदाम यांत फरक काय, असा विचार तिच्या मनात आला. तिथे आकडा ओरडून सांगत होते, इथे गुळात सांगत होते. आवळणं पहाटेपासून सुरू होतं, येत होतं आणि जात होतं, आणि ती त्याला खोटं आवळणं म्हणत होती, कारण असं खोटंही असतं असं तिने वाचलं होतं. मग एकदम, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिच्या पारड्याने जमीन सोडली. ती उचलली गेली. पारडं अधांतरी, साखळ्यांची कुरकुर, आणि पलीकडे गुळाचं पारडं खाली झुकलेलं, पण जमिनीला अजून न टेकलेलं. भिंतीशी अजून बऱ्याच भेल्या तशाच होत्या. "हो गया?" कुणीतरी म्हणालं. "इतक्यातच?" एका मावशींनी बाजूचीच्या कानाशी काही सांगितलं. आईसाहेबांनी उरलेल्या भेल्यांकडे पाहिलं. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "काटा जुना झाला तुमचा, संभाजीराव." संभाजीरावांना ते लागलं. "आईसाहेब, काटा एकदम सही आहे. परवाच तेल घालून तपासलाय मी." "मग असेल." एवढंच म्हणून त्यांनी मान वळवली आणि अवंतिकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना सगळं समजलं होतं, लाडूंसकट. अवंतिकाला वाटलं, आता खाली मान घालावी, पण त्याच वेळी पोट असं आवळलं की मान आपोआपच खाली गेली, आणि साडीखाली काहीतरी कोमट पसरलं.

तिने निवेदन करून बघितलं. श्रोतेहो, असं मनात म्हटलं, पण पुढचे शब्द आले नाहीत. मग ती मोठ्याने बोलली, आणि तो आवाज रेडिओवरचा नव्हता, जाड आणि फाटका होता. "आईसाहेब, मला उतरवा. पाणी गेलं." बायका एकदम पुढे आल्या. एकीने तिचा दंड धरून ओढायला सुरुवात केली. "थांबा," आईसाहेब म्हणाल्या. "ती उतरली की गूळ तसाच राहील आणि हे पारडं उसळून तिलाच लागेल. आधी गूळ काढा. अभिराम, साखळी धर तू." अभिरामने मोबाइल कुठे तरी टाकला आणि तिच्या पारड्याची साखळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. संभाजीराव आणि बायका भेल्या उचलून खाली टाकायला लागल्या, कुणाच्या हातून एक निसटून फुटली. एकेक भेली निघाली तशी अवंतिका हळूहळू खाली येत होती. आईसाहेब तिच्या पारड्याला दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उभ्या होत्या, एवढ्याशा मनगटांनी, आणि तोंडाने सारखं म्हणत होत्या, "हळू. हळू. घाई करू नका कोणी." पारडं जमिनीला टेकलं तेव्हा अवंतिकाला भीती वाटली. तोवर वाटली नव्हती. आता ती पुरती घाबरली, आणि तिने आईसाहेबांचा हात धरला तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

कंपूतल्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर शिखा आल्या. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून सुई दिली, कळा थोपवायला औषध लावलं. "जितना रोक सकें, रोकेंगे. एक-दो दिन भी मिल गए तो बहुत है," त्या म्हणाल्या. अवंतिकाने त्यांना सगळं सांगितलं. काकडी, ताक, गाय, रिक्षातलं आवळणं. डॉक्टर ऐकत होत्या. "मेरी वजह से हुआ ना?" तिने विचारलं. डॉक्टरांनी सलाइनची गती तपासली. मग म्हणाल्या, "ज़्यादा वज़न से भी होता है, भूखे रहने से भी, और कभी-कभी किसी वजह के बिना भी. तुम्हारा किससे हुआ, ये मैं नहीं बता सकती. कोई नहीं बता सकता. अब लेटी रहो." अवंतिकाला शिक्षा हवी होती. ती कुणी देईना. दुपारी आईसाहेब खाटेशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या सलाइनच्या थेंबांकडे बघत होत्या. "लाडू कुठे जायचे?" त्यांनी विचारलं. "गाईला." "कोणत्या?" "रेडिओच्या फाटकावर असते. तांबडी." आईसाहेबांनी मान हलवली. "चला. कुणाच्या तरी अंगी लागले." आणि त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. मग त्या सांगायला लागल्या, अवंतिकाकडे न बघता. त्यांच्या तुलेच्या वेळी त्या इतक्या बारीक होत्या की त्यांच्या सासूने त्यांच्या मांडीवर पाण्याने भरलेली कळशी दिली होती, वरून शालू पांघरून, गूळ फार कमी लागला असं लोकांनी म्हणू नये म्हणून. "मी ती कळशी धरून बसले. हलायची सोय नाही, पाणी सांडलं तर सगळ्यांना दिसेल. घरी आले आणि दहाव्या दिवशी अभिराम झाला. सातमाशा. कापसात गुंडाळून, बल्बखाली ठेवला होता त्याला. मला सगळे म्हणाले, हिच्या अंगातच काही नाही तर पोराला काय मिळणार. म्हणून तू आलीस तेव्हा मला वाटलं..." त्या थांबल्या. "मला वाटलं, आता या घरात कुणाचं पोर कापसात ठेवायला लागणार नाही. चुकलंच माझं. मैं तो खिलाती ही रही, तुला विचारलं नाही कधी." अवंतिकाने हात पुढे केला आणि आईसाहेबांनी तो घेतला. "कळशीचं अभिरामला माहीत आहे?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "छे. काय करायचंय त्याला ते."

तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. तिचं रडणं अवंतिकाला ऐकू आलं, मांजराच्या पिलासारखं, आणि मग ते रडणं दाराबाहेर गेलं. संध्याकाळी अभिराम येऊन खाटेशी बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. ती त्या हाताकडे बघत राहिली. तिने विचारलं, "वजन किती?" तो म्हणाला, "ठीक आहे. डॉक्टर म्हणतात ठीक आहे." "अभिराम." "अगं, नंतर बघू ना. तू आधी आराम कर." "त्याचं सांगितलं नाहीस तू मला," ती म्हणाली. "मी अजून पेरूच्या पिशव्या उचलून बघते." त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मग त्याने आधी मुलाचं सांगितलं आणि मग मुलीचं. मुलाचा आकडा त्याला ग्रॅममध्ये पाठ होता. इतकी वर्षं तो त्याने एकट्याने जवळ ठेवला होता. त्यानंतर दोघंही रडली, बाजूच्या खाटेवरच्या बाईने तोंड पलीकडे केलं, आणि रडून झाल्यावर अवंतिकाने जेवण मागितलं. इस्पितळाची पातळ खिचडी होती. तिने ती सगळी खाल्ली.

लहान बाळांच्या कक्षात काचेच्या पेट्या होत्या आणि फार हळू बोलायची पद्धत होती. मुलगी पेटीत पाठीवर पडलेली असे, नाकात नळी, अंगावर टोपी आणि मोजे, बाकी काही नाही. तिच्या हाताची बोटं हलत. ती सबंध अवंतिकाच्या दोन तळव्यांत मावली असती. सुरुवातीचे दिवस वजन उतरतंच, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आणि ते उतरत होतं. रोज सकाळी सिस्टर मुलीला छोट्या काट्यावर ठेवी, आकडा बघे आणि वहीत लिही. कुणी विचारलं तर अगदी कानाशी येऊन सांगे, कारण इथे प्रत्येक आईचा आकडा लहान होता आणि एकीने दुसरीचा ऐकू नये अशी सिस्टरची समजूत होती. भली बाई होती. अवंतिका दूध काढून देई, चाकाच्या खुर्चीत बसून पेटीच्या भोकातून एक बोट आत घाली, आणि मुलगी ते धरी. रोज आकडा ऐकला की अवंतिका तो कालच्यातून वजा करून बघे. आपलं सगळं वजन काढून त्या काट्यावर ठेवता आलं असतं तर तिने ते ठेवलं असतं. घरी गूळ अजून वाटलेला नव्हता. तुला अर्धी राहिली आहे, असं आईसाहेब म्हणत होत्या, आणि काचेच्या दाराबाहेर बाकावर रोज सकाळपासून बसून राहत होत्या. त्यांना आत सोडत नसत.

त्या सकाळी सिस्टरने मुलीला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, थांबली, मुलीला उचलून पुन्हा ठेवलं आणि पुन्हा बघितला. मग ती अवंतिकाच्या कानाशी वाकली. "आज बढ़ा है," ती कुजबुजली. "बीस ग्राम." "सिस्टर," अवंतिका म्हणाली, "ज़रा ज़ोर से बोलिए." "जी?" "पूरा वज़न बोलिए. ज़ोर से. बाहर तक जाना चाहिए." सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या पेटीजवळची अगदी लहान वयाची आई वळून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. मग सिस्टर सरळ उभी राहिली आणि तिने आकडा सांगितला, मोठ्याने, दवाखान्याच्या हॉलमध्ये सांगतात तसा. दाराबाहेर आईसाहेब बाकावरून उठून उभ्या राहिल्या.